सामंजस्य करार तर झालाय, आता नेमकं काय मागू? (आदिवासी भागातलं बी.एस्सी. कॉलेज)

सातपुडाकर

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याला लागून असलेल्या एका कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो. आमची मुलं बहुतेक पावरा आणि भिल्ल. घरी पावरी नाहीतर भिली, आश्रमशाळेत मराठी आणि अकरावीपासून विज्ञान एकदम इंग्रजीत. घरातून बी.एस्सी.पर्यंत पोचलेलं पहिलं माणूस म्हणजे हीच पोरं.

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या स्वायत्त कॉलेजशी आमचा सामंजस्य करार झाला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात चालू असलेले करार मोजायचे, त्यामुळे तो दोघांनाही हवा होता. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सह्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, फोटो दोन्हीकडच्या वेबसाइटवर चढले. मग 'नॅनोटेक्नॉलॉजीतील संधी' या विषयावर एक ऑनलाइन व्याख्यान झालं. रेंज मध्येच गेली, पण अहवालापुरते स्क्रीनशॉट तोवर निघाले होते. त्यानंतर त्यांनी खास आमच्या मुलांसाठी कार्यशाळा ठेवली आणि तारीख काढली नेमकी होळीच्या आठवड्यातली. सातपुड्यात होळी दिवाळीपेक्षा मोठी. होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठी गावच्या राजवाडी होळीला कुठून कुठून माणसं येतात, कामाला गुजरातेत गेलेली कुटुंबंही परततात. त्या आठवड्यात आमच्या वसतिगृहात चिटपाखरू नसतं. अहवालात ओळ पडली, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प'.

आता कराराचं नूतनीकरण आलंय. नवे प्राचार्य बरे आहेत. म्हणाले, "आपल्याला काय हवं ते एका पानावर लिहून द्या, मी तेच पुढे ठेवतो." ते पान माझ्यासमोर कोरं आहे. मुलं कुठे अडतात ते सांगतो, म्हणजे तुम्हाला सुचवायला बरं पडेल.

पहिलं म्हणजे गणित. आमच्याकडे बहुतेकांनी अकरावीतच गणित सोडून बायॉलॉजी घेतलेली असते. केमिकल कायनेटिक्सला, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाच्या भागाला आलो की पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचं सूत्र घडाघडा म्हणतात, पण त्यातला २.३०३ कुठून आला विचारलं की वर्ग गप्प. एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेत केमिस्ट्रीच्या पेपरात थोडं का होईना गणित असतंच, तिथे आमचा गडी आधीच बाद.

दुसरं प्रॅक्टिकल. टायट्रेशनला आमच्या पोरांचा हात धरणारा शहरात शोधून दाखवा, एंड पॉइंट एका थेंबाने चुकत नाही. पण रेणूची रचना ओळखायचे आयआर आणि एनएमआरचे आलेख ती कागदावरच सोडवतात. ज्या यंत्रातून तो आलेख येतो ते एकानेही पाहिलेलं नाही. एक यूव्ही-व्हिजिबल यंत्र आहे, ते दुरुस्तीची वाट बघत झाकून ठेवलंय.

तिसरं मला सगळ्यात जास्त छळतं. पदवी झाल्यावर काय? दरवर्षी दोन-चार जणांचा एम.एस्सी.ला मोठ्या शहरात नंबर लागतो. त्यातलं एखादं दिवाळीत घरी येतं ते परत जातच नाही. विचारलं तर "सर, अभ्यास जड जातो" म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. हीच मुलं इथे आमच्यापुढे परीक्षेला बसलेली असतात, त्यांना काय जड जातं आणि काय नाही हे मला ठाऊक आहे.

तर प्रश्न असा. दोन कॉलेजांच्या अशा भागीदारीतून मुलांना खरोखर काही मिळाल्याचं कोणी पाहिलंय का? करारात काय लिहून घेतलं की ते टाळता येत नाही? व्याख्यानं नकोत, कृपया.

बन्सेन बर्नर

सर, मी पलीकडच्या बाजूचा. स्वायत्त कॉलेजात केमिस्ट्रीच शिकवतो आणि आमच्या कपाटातही अशा करारांची चळत आहे. आतली गोष्ट सांगतो.

कॉलेज-कॉलेजमधला करार कोणाचाच नसतो. विभाग-विभागात जोडपत्र करून घ्या. त्यात दोन्हीकडच्या एकेका शिक्षकाचं नाव हवं आणि तो निवृत्त झाला, रजेवर गेला तर पुढचा कोण हेही. नाव नसलं की काम प्राचार्यांकडून आयक्यूएसीकडे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडे जातं आणि तिथून थेट अहवालात.

नव्या अभ्यासक्रमात आपल्याकडे ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) आलंय, ४ क्रेडिटचं, म्हणजे १२० तास. तुमच्या भागात मुलांना ओजेटीला पाठवणार कुठे? औषधाचं दुकान, दूध संकलन केंद्र, फार तर पाणी तपासणीची लॅब. ते १२० तास भागीदार कॉलेजच्या लॅबमध्ये करू द्या असं मागा. परीक्षा संपल्या की आमच्या लॅब मे महिन्यात रिकाम्या असतात, वसतिगृहंही बरीच ओस पडलेली असतात. क्रेडिट जोडलेले असले की ती मदत राहत नाही, अभ्यासक्रमाचा भाग होते. मग आम्हाला वेळ काढावाच लागतो.

आता यंत्रांचं. एनएमआर आमच्याकडेही नाही, आम्ही विद्यापीठात नमुने पाठवतो. 'यंत्र दाखवा' अशी मागणी केलीत तर मुलं रांगेने येतील, काचेतून बघतील, जातील. त्यापेक्षा असं करा. मुलाने तुमच्याच लॅबमध्ये अॅस्पिरिन बनवायचं, स्फटिक काढायचे, पुडी घेऊन आमच्याकडे यायचं. आमच्या आयआरवर स्वतः नमुना लावायचा. आलेखावर १७५० प्रति सेंमीच्या आसपास एस्टरच्या कार्बोनिलचा पट्टा, त्याच्या खाली १६९० च्या सुमारास आम्लाचा. दोन्ही दिसले तर शाब्बास. आधी फेरिक क्लोराइड टाकून बघायला सांगा, जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक आम्ल उरलंय, परत स्फटिकीकरण. एका पुडीतून तीन-चार प्रकरणं शिकवून होतात. आणि आयआर रोज चालू ठेवायला आमच्याकडेही निमित्त मिळतं. याशिवाय आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर देशभरच्या संस्थांतली यंत्रं बघून वेळ मागता येते. त्यावर तुमची स्वतःची नोंदणी करून ठेवा, त्यासाठी आमच्यावर अवलंबून राहू नका.

यूजीसीने २०१९ मध्ये 'परामर्श' योजना काढली होती. चांगलं मानांकन असलेल्या कॉलेजने आसपासच्या कॉलेजांचा हात धरायचा, अशी. कल्पना चांगली, पण सगळा रोख त्या कॉलेजांना नॅकपर्यंत पोचवण्यावर होता. मुलगा त्यात कुठेच नव्हता. तुमच्या पानावर प्रत्येक ओळीत मुलगा किंवा मुलगी असू द्या, एवढं बघा.

आणि एक विनंती. बदल्यात आम्हाला काय मिळणार याचं उत्तर 'आमची मुलं तुम्हाला जंगल दाखवतील' असं देऊ नका. केमिस्ट्रीची मुलं गाइड म्हणून कशाला राबवायची?

तासिका_तत्त्वावर

प्रश्न सोपा आहे. सातपुडाकर, तुमच्या विज्ञान शाखेत मंजूर पदं किती आणि भरलेली किती? गणिताचा पूर्णवेळ प्राध्यापक नाही म्हणून शहरातल्या कॉलेजकडून गणित 'मागणार' असाल, तर उद्या शासन म्हणेल, झूमवर चाललंय की, पद कशाला हवं? मी घड्याळी तासिकांवर आयुष्य काढतोय, म्हणून बोलतोय. भागीदारी ही रिकाम्या खुर्चीवर टाकलेली चादर होऊ देऊ नका.

सातपुडाकर

@तासिका_तत्त्वावर, मुद्दा मान्य. गणिताला पूर्णवेळ माणूस नाही. जो सीएचबी, म्हणजे घड्याळी तासिकांवरचा मित्र येतो तो उत्तम शिकवतो, पण त्याचं मानधन महिनोन्‌महिने अडकतं आणि मे महिन्यात तो आमचा नसतोच. पानावर पहिली ओळ लिहितो की नियमित तासिका आमच्याच शिक्षकांनी घ्यायच्या, भागीदारीतलं सगळं त्याच्या वरचं. पण पद भरेपर्यंत आत्ताच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना थांबा म्हणू शकत नाही ना.

@बन्सेन बर्नर, अॅस्पिरिनची पुडी डोक्यात बसली. सॅलिसिलिक आम्ल आहे आमच्याकडे.

डोंगरपाडा

सर, मी अक्कलकुवा तालुक्यातला. बी.एस्सी. तुमच्यासारख्याच कॉलेजातून, आता पुण्यात पीएच.डी. करतोय. तुमचा तिसरा मुद्दा वाचून लिहायला बसलो.

अभ्यास जड जात नाही. जून ते डिसेंबर जड जातं.

माझं काय झालं ते ऐका. प्रवेशाच्या वेळी खिडकीवर सांगितलं, फ्रीशिप आहे ते ठीक, पण आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल. त्यात वसतिगृहाचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. मग आदिवासी विकास विभागाची स्वयम् योजना आहे, पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० मिळतात. योजना खरंच चांगली आहे, ती नसती तर मी इथे नसतो. पण पैसे हप्त्यांनी येतात आणि पहिला हप्ता हातात पडेपर्यंत एक सेमिस्टर उलटलं होतं. तोवर कोण पोसणार? बापाने बैल विकला असं लिहिलं की लोकांना वाईट वाटतं, म्हणून ते लिहीत नाही. मामाकडून उसने घेतले.

पहिल्या दिवशी लॅबमध्ये बाजूच्याने नाव विचारायच्या आधी "कुठल्या कॅटेगरीतून?" विचारलं. त्यानंतर मी कुठल्याच ग्रुपमध्ये गेलो नाही. सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिका, जर्नल, कोणत्या सरांना कधी भेटायचं हे ग्रुपमध्ये असतं. इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी गप्प नव्हतो. विचारायचं कोणाला तेच माहीत नव्हतं.

म्हणून सर, पानावर हे लिहा. भागीदार कॉलेजने तुमच्या मुलांसाठी जूनपासून दोन-तीन खाटा धरून ठेवायच्या, डिपॉझिट न घेता. मेसचं बिल शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबवायचं. तुमच्या कॉलेजातून आधी गेलेल्या एखाद्या सीनियरला त्याचं ठरावीक मानधन द्यायचं, फुकट राबवायचं नाही, आणि नव्या पोराला पहिले सहा महिने त्याच्या स्वाधीन करायचं. आणि त्यांच्या प्राध्यापकांची एक बैठक घ्यायची, मुलांना न बोलावता. कॅटेगरीवरून टोमणे मारले तर काय होईल ते तिथेच सांगायचं.

दुसरं, तुमच्या मुलांना दुसऱ्या वर्षालाच सायन्स अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला लावा. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन अकादमी मिळून देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम, त्याचा विद्यावेतनासह खर्च, रेल्वेचं भाडंही देतात. घरी पैसे मागावे लागत नाहीत, हे आमच्यासाठी निम्मं काम. सर, त्यात शिक्षकांनाही अर्ज करता येतो. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस कार्यक्रमही बघा, बी.एस्सी.च्या मुलांसाठीच आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० ऐकायला छान वाटतात, पण ते बारावीत बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात आलेल्यांना. आमच्या आश्रमशाळेला फिजिक्सचा शिक्षक नव्हता, वरचा टक्का कुठून आणणार?

ओहायोकर

सातपुडाकर सर, मी मूळची धुळ्याची, गेली बरीच वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात एका कम्युनिटी कॉलेजमध्ये गणित शिकवते. इथे तुमच्यासारखीच स्वस्त कॉलेजं असतात, फक्त दोन वर्षांची, आणि तिथून पुढे मुलं चार वर्षांच्या विद्यापीठात जातात. गळती नेमकी त्या सांध्यावर होते. डोंगरपाडा यांनी लिहिलेलं इथल्या काळ्या आणि लॅटिनो मुलांकडून मी जवळपास शब्दशः ऐकते.

इथे १९९१ पासून नॅशनल सायन्स फाउंडेशनचा एक कार्यक्रम आहे, एलसॅम्प म्हणतात. लुई स्टोक्स या ओहायोच्याच काळ्या खासदाराच्या नावाने आहे. त्यात पैसा एका कॉलेजला मिळत नाही, कॉलेजांच्या आघाडीला मिळतो. एक मोठं विद्यापीठ आणि भोवतीची लहान कॉलेजं असं ते गणित. एकदा पैसा सामाईक झाला की मोठ्याला लहानाचा फोन उचलावाच लागतो. आता वारं बदललंय, २०२५ मध्ये या फाउंडेशनने अशा बऱ्याच अनुदानांना कात्री लावली. तरी आधीच्या तीसेक वर्षांत जे शिकायला मिळालं ते कुठे जात नाही.

त्याहून जुनं उदाहरण अटलांटाचं. तिथली मोअरहाउस, स्पेलमन ही काळ्या विद्यार्थ्यांची ऐतिहासिक कॉलेजं आणि जॉर्जिया टेक यांच्यात १९६९ पासून करार आहे. तीन वर्षं आपल्या कॉलेजात विज्ञान, दोन वर्षं तिकडे इंजिनिअरिंग, शेवटी दोन पदव्या. कोणते विषय किती गुणांनी पास केले की पलीकडे घेणार, हे आधीच लिहिलेलं असतं. मुलाला पहिल्या वर्षीच ठाऊक असतं की दार कुठे आहे. तुमच्या करारात हेच हवं, सर. 'अमुक गुण मिळवलेल्या इतक्या मुलांचा एम.एस्सी. प्रवेशासाठी विचार करू' असं नको. प्रवेशाच्या नियमांत बसेल अशी स्पष्ट अट आणि अर्जाच्या वेळी मदतीला ठरलेला माणूस हवा.

गणिताबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तो माझा धंदा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात उरी ट्राइझमन नावाच्या गणितज्ञाला प्रश्न पडला की शाळेत हुशार असलेली काळी मुलं कॅल्क्युलसमध्ये नापास का होतात. लोक कारणं सांगत होते, घरची परिस्थिती, पाया कच्चा, इच्छा कमी. त्याने मुलांच्या मागे मागे राहून ती अभ्यास कशी करतात ते पाहिलं. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून अभ्यास करत, एकमेकांची उत्तरं तपासत, त्यावर भांडत. काळी मुलं भरपूर अभ्यास करत, पण एकेकटी, खोलीचं दार लावून. मग त्याने कार्यशाळा सुरू केली. ती उपचारात्मक वर्गासारखी नव्हती, हे महत्त्वाचं. त्याने मुलांना वर्गापेक्षा अवघड गणितं दिली आणि गटात बसवलं. मुलं पास झालीच, बरीचशी बाकीच्यांच्या पुढे गेली.

म्हणून माझी हात जोडून विनंती, 'कच्च्या मुलांसाठी ब्रिज कोर्स' असलं काही मागू नका. त्या नावाच्या वर्गात मान वर करून कोण बसेल? तुमचा २.३०३ चा प्रश्न घ्या. नैसर्गिक लॉगरिदम म्हणजे काय, दहाच्या पायाचा लॉगरिदम वापरताना हा गुणक का लागतो, आणि तोच आकडा विद्युत-रसायनातल्या नर्न्स्टच्या समीकरणात परत कसा उगवतो. तुमची चार मुलं आणि तिकडची चार मुलं एकाच टेबलाला. शहरातल्या मुलांनाही हे येत नसतं, मी पैजेवर सांगते. तिकडच्यांचं आणि तुमच्यांचं अज्ञान एकाच पातळीचं आहे हे दोघांनाही कळलं की बरंच काम होतं.

बन्सेन बर्नर

ताई, पैज जिंकलात. आज तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारून आलो.

सातपुडाकर

सगळ्यांचे आभार. पान भरलं, प्राचार्यांकडे द्यायच्या आधी इथे टाकतो, काही राहिलं असेल तर सांगा.

नियमित तास आमचेच. केमिस्ट्री ते केमिस्ट्री जोडपत्र, दोन नावांसह. तारखा आमच्या सहमतीशिवाय ठरणार नाहीत आणि होळीच्या आधीचा व नंतरचा आठवडा बंद. ओजेटीचे १२० तास मे महिन्यात त्यांच्या लॅबमध्ये, येताना प्रत्येकाच्या खिशात स्वतः बनवलेला नमुना. गणिताचा गट, दोन्हीकडची मुलं मिसळून, अवघड प्रश्नांचा. आमच्याकडची रेंज बघता त्याच मे महिन्यात समोरासमोर, ऑनलाइन नको. जूनपासून खाटा, डिपॉझिट माफ, मेसला शिष्यवृत्तीपर्यंत मुदत, एक सीनियर मानधनावर. प्रवेशाच्या काळात अर्ज भरायला तिकडचा एक लिपिक, नावानिशी. प्राध्यापकांची ती बैठकही लिहिली आहे, पण तिला 'संवेदनशीलता कार्यशाळा' असं नाव दिलंय, नाहीतर प्राचार्य पुढे सरकवणार नाहीत.

मेसच्या ओळीवर तिकडून नकार येणार हे दिसतंय. त्यावर एक तोड सुचते. आमचे माजी विद्यार्थी आता बरेच शिक्षक आहेत, काही तलाठी, दोघं-तिघं एसटीत. त्यांच्याकडून छोटा फिरता निधी उभा करायचा, शिष्यवृत्ती आली की मुलाने परत भरायचा. भागीदार कॉलेजने फक्त मेसच्या कंत्राटदाराशी बोलून द्यावं. डोंगरपाडा, तुम्ही त्यात पहिली हजेरी लावणार का? पैशाची नाही, नावाची. पोरं माझं ऐकतात, पण तुमचं जास्त ऐकतील.

डोंगरपाडा

लावतो सर. पैशाचीही लावतो, फेलोशिप येते आता. फक्त एक बदल करा. निधीतून पैसे घेणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर लावायचं नाही.

सातपुडाकर

ओळ घातली.

ओहायोकर ताई, तुमच्याकडे त्या गटात देता येतील असे लॉगरिदमचे आणि कायनेटिक्सचे प्रश्न असतील तर पाठवा, इंग्रजीत चालतील. मराठीत मी करतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या एका पोरीला पावरीत समजावून सांगायला बसवतो. ती टायट्रेशनमध्येही सगळ्यांच्या पुढे आहे.